खुडूक कोंबडी आणि तिचीं पिलें

सकाळीं खुराडें उघडलें, सर्व कोंबड्या फडफडत बाहेर पडल्या आणि एकच कोंबडी आंत अंधारांत बसून राहिली, म्हणजे घरांतील अनुभवी बाई लगेच ओळखते कीं, ही खुडूक झाली. हात पुढें केला तर ती अंगावरचीं पिसें फुलविते, घोगरा आवाज काढते, प्रसंगीं चोंचही मारते. उचलून अंगणांत ठेवली तर क्षणभर घुटमळते, चार दाणे घाईघाईनें टिपते आणि पुन्हा आपली जागा गांठते. अंडीं देणें तर तिनें बंदच केलेलें असतें. ज्या घरचा मीठमिरचीचा खर्च अंड्यांच्या विक्रीवर चालतो, त्या घरांत अशा कोंबडीचा राग येणें स्वाभाविक आहे. कोणी तिला आजारी समजतो, कोणी आळशी ठरवितो, तर कोणी तिला सरळ बाजार दाखवून मोकळा होतो.

वस्तुतः खुडूक होणें हा रोगही नव्हे आणि आळसही नव्हे. परसांतील कोंबडीपालनाचा सारा हिशेब या एका अवस्थेभोंवतीं फिरत असतो. खुडूक कोंबडी अंडीं देत नाहीं, म्हणून ती तोट्याची, हें खरें. पण ती बसलीच नाहीं तर पुढील वर्षीं खुराड्यांत कोंबड्या येणार कोठून? तेव्हां तिला केव्हां बसूं द्यावें आणि केव्हां उठवावें, आणि एकदां बसविल्यावर माणसानें कोठें हात घालावा व कोठें घालूं नये, हें ज्या घराला कळलें त्या घराचें खुराडें रिकामें राहात नाहीं.

प्रथम ही अवस्था येते कशी, तें पाहूं. कोंबडीच्या मेंदूच्या तळाशीं एक लहानशी ग्रंथि असते. तिच्यांतून पाझरणाऱ्या अनेक द्रव्यांपैकीं एकास शास्त्रज्ञ प्रोलॅक्टिन म्हणतात. सस्तन प्राण्यांत मातेला दूध येण्याशीं ज्या द्रव्याचा संबंध आहे, तेंच हें द्रव्य. १९३५ सालीं अमेरिकेंतील ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी यांनीं तें टोंचून कोंबड्यांना खुडूक करून दाखविलें. रक्तांत हें द्रव्य वाढलें म्हणजे अंडाशयाचें काम थंडावतें, भूक मंदावते, पोटावरचीं पिसें विरळ होतात आणि तेथील त्वचा अंड्यांना सरळ ऊब देऊं लागते. म्हणजे कोंबडीचें सारें शरीरच एका कामाहून दुसऱ्या कामाकडे वळतें.

हें वळण कशानें लागतें, हेंही कळलेलें आहे. अंधारी व निवांत जागा, उबदार हवा, समोर सांचलेलीं अंडीं आणि पोटाच्या त्वचेला होणारा त्यांचा स्पर्श, या गोष्टी प्रोलॅक्टिनचा पाझर वाढवितात आणि वाढलेला टिकवून धरतात. ज्या घरीं अंडीं रोजच्या रोज उचललीं जातात तेथें कोंबडी उशिरां खुडूक होते, आणि ज्या घरीं तीं चार-आठ दिवस खुराड्यांतच पडून राहातात तेथें लवकर होते, याचें कारण हेंच. खुडूक कोंबडी नको असेल तर पहिला उपाय कोंबडीवर नव्हे, अंडीं उचलणाऱ्या हातावर करावा लागतो.

सर्वच जातींना ही ओढ सारखी नसते. मूळची इटलीकडील व्हाइट लेगहॉर्न जात वर्षाला अडीचशेंहून अधिक अंडीं देते. परंतु अधिक अंड्यांसाठीं पिढ्यान्पिढ्या निवड होतां होतां तिची उबविण्याची वृत्ति जवळजवळ नाहींशी झाली आहे. कोकिळेप्रमाणें तीही आपलें अंडें दुसऱ्याच्या भरंवशावर टाकते. हा दुसरा म्हणजे उबवणी यंत्र. मध्य प्रदेशांतील झाबुआकडील काळी कडकनाथ कोंबडीही उबविण्याच्या कामीं फारशी भरंवशाची नाहीं. तिचीं अंडीं बहुधा साध्या गांवठी कोंबडीखालीं ठेवावीं लागतात. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारलेल्या जाती परसांतल्या पालनासाठींच तयार केलेल्या आहेत, त्या अंडीं अधिक देतात व वजनानेंही भरतात. पण त्यांचीं पिलें पुन्हा विकतच आणावीं लागतात. याउलट आपली गांवठी कोंबडी वर्षाकाठीं पन्नास ते ऐशींच अंडीं देते, पण आपला वंश आपणच चालविते. असील जातीची कोंबडी तर उबविण्यांत व पिलें राखण्यांत फार निष्ठावान् समजली जाते. म्हणून ज्या घरीं सुधारलेल्या कोंबड्या पाळल्या आहेत, त्या घरींही दोन-चार गांवठी कोंबड्या असणें शहाणपणाचें असतें.

गांवठी कोंबडीचा वर्षाचा हिशेब असा बसतो. सुमारें तीन आठवड्यांत ती बारा-पंधरा अंडीं घालते. नंतर एकवीस दिवस अंड्यांवर बसते. पुढें दोन-अडीच महिने पिलें घेऊन हिंडते. म्हणजे एक फेरा सुमारें चार महिन्यांचा झाला, आणि असे तीनच फेरे वर्षांत बसतात. हे तिन्ही फेरे पिलांसाठीं द्यावे, असें नाहीं. एखादा फेरा पिलांसाठीं राखून उरलेल्या वेळीं खुडूक मोडली, तर त्याच कोंबडीपासून अंडींही अधिक मिळतात. कोणता फेरा कशासाठीं, हें ऋतूवरून ठरवावें.

पिलांसाठीं उत्तम काळ म्हणजे पाऊस उघडल्यानंतरचा, आश्विन-कार्तिकापासून माघापर्यंतचा. या दिवसांत हवा कोरडी असते, अंगणांत किडामुंगी व सांडलेलें धान्य मिळतें आणि पिलांना पुढें उन्हाळा येण्यापूर्वीं चांगलीं पिसें फुटतात. वैशाखाच्या उष्म्यांत बसविलेल्या अंड्यांपैकीं पुष्कळ नासतात. आषाढ-श्रावणांत, विशेषतः कोंकणांत, ओल व गारठा यांनीं पिलें मरतात. म्हणून उन्हाळ्यांत व भर पावसांत खुडूक झालेली कोंबडी शक्यतो मोडावी.

खुडूक मोडण्याच्या ज्या रीती खेड्यांत चालतात त्यांपैकीं कांहीं फार क्रूर आहेत. कोणी कोंबडीला थंड पाण्यांत बुडवितात, कोणी तिच्या नाकपुड्यांतून पीस आरपार घालतात, तर कोणी पाय बांधून तिला उपाशी टाकतात. यांत कोंबडीचे हाल होतात, तिचें वजन घटतें आणि ती अंड्यावर येण्यास उलट अधिक दिवस लागतात. पोटाला मिळणारी ऊब हें या अवस्थेचें एक मोठें पोषण आहे. तें तोडलें कीं काम होतें. त्यासाठीं बांबूच्या कामट्यांचा किंवा तारेच्या जाळीचा, तळाला फटी असलेला पिंजरा जमिनीपासून हात-दीड हात उंच टांगावा किंवा विटांवर ठेवावा. त्यांत गवत, पेंढा कांहीं घालूं नये. खालून वारा लागला पाहिजे, भोंवतीं उजेड पाहिजे, आणि दाणापाणी मात्र भरपूर पाहिजे. पिंजरा सावलींत असावा. खुडूक होतांच पहिल्या-दुसऱ्या दिवशीं हा उपाय केला तर तीन-चार दिवसांत कोंबडी पूर्ववत् होते आणि पुढें आठ-पंधरा दिवसांत अंड्यावर येते. आठवडाभर बसूं दिल्यावर मोडावयास गेलें तर वेळ अधिक लागतो.

आतां कोंबडी बसवावयाची ठरली असें समजूं. सर्वच खुडूक कोंबड्या त्या योग्यतेच्या नसतात. पहिल्याच खेपेची तलंग चंचल असते. ती मध्येंच अंडीं सोडून जाण्याचा संभव असतो. मध्यम बांध्याची, शांत, पूर्वीं एकदां तरी पिलें काढलेली कोंबडी निवडावी. बसविण्यापूर्वीं तिचे पंख उचलून व पिसें उलटून उवा व गोचीड पाहाव्या. तीन आठवडे एका जागीं बसणाऱ्या कोंबडीच्या अंगावर त्यांची वाढ झपाट्यानें होते आणि छळाला कंटाळून चांगली कोंबडीही घरटें सोडते.

तिची परीक्षा घेण्यासाठीं प्रथम दोन दिवस तिच्याखालीं खडूचीं किंवा लांकडाचीं खोटीं अंडीं ठेवावीं. ती स्थिर बसली तर रात्रीं, अंधारांत, खोटीं काढून खरीं अंडीं ठेवावीं. जागा बदलावयाची असेल तर तीही रात्रींच बदलावी. दिवसाउजेडीं हलविलेली कोंबडी जुन्या जागेकडे धांव घेते; रात्रीं हलविलेली सकाळीं डोळे उघडते तों अंडीं आपल्या पोटाखालीं पाहाते आणि तेथेंच रुळते.

अंड्यांची निवड हा या कामाचा पाया आहे. कोंबडा कळपांत नसला तरी कोंबडी अंडीं देतेच, पण त्यांतून पिलूं कधींच निघत नाहीं. म्हणून आठ-दहा कोंबड्यांमागें एक जोमदार कोंबडा हवा. तो आपल्याच खुराड्यांत जन्मलेला नसावा. वर्षा-दोन वर्षांनीं दुसऱ्या गांवच्या कोंबड्याशीं अदलाबदल केली तर पिढी क्षीण होत नाहीं. अंडें मध्यम आकाराचें, नेहमींच्या घाटाचें, बिनतड्याचें असावें. फार मोठ्या अंड्यांत दोन बलक असण्याचा संभव असतो. अंडें धुऊं नये. कवचावर नैसर्गिक लेप असतो, तो गेला कीं कवचाच्या हजारों सूक्ष्म छिद्रांतून रोगजंतु आंत शिरतात. टोंकदार अंड्यांतून कोंबडा व वाटोळ्यांतून कोंबडी निघते, अशी समजूत आहे ती खरी नव्हे. नर कीं मादी हें कोंबडीच्या बीजावरून आधींच ठरलेलें असतें. कवचाच्या आकाराचा त्याच्याशीं संबंध नाहीं.

अंडीं सांठवितांना पुष्कळांचा घात होतो. कोंबडी रोज एकादें अंडें घालते, आणि बसविण्यासाठीं दहा-बारा तर हवींत. म्हणजे कांहीं अंडीं आठ-दहा दिवस ठेवावीं लागणार. घातलेल्या अंड्यांतील जीव थंड जागेंत झोंपलेला असतो. पण उन्हाळ्यांत घरांतील हवाच इतकी तापते कीं, तो अर्धवट जागा होतो, थोडा वाढतो आणि पुरेशी ऊब न मिळाल्यानें मरतो. बाहेरून अंडें चांगलें दिसतें, पण कोंबडी तीन आठवडे बसून व्यर्थ शिणते. यावर उपाय साधा आहे. रुंद तोंडाच्या मातीच्या भांड्यांत ओली वाळू भरावी, तीवर कापड अंथरून अंडीं निमुळता भाग खालीं करून ठेवावीं, भांडें घरांतील गार कोपऱ्यांत असावें आणि वाळूवर रोज पाणी शिंपडावें. अंड्यांना मात्र पाणी लागूं देऊं नये. प्रत्येक अंड्यावर कोळशानें किंवा शिसपेन्सिलीनें दिवस लिहावा आणि आठवड्याहून जुनें अंडें, फार तर दहा दिवसांहून जुनें, बसवूं नये.

घरट्यासाठीं जुनी पाटी, टोपली किंवा उथळ मातीचें भांडें चालतें. तळाला राख व कोरडी माती घालावी, तीवर पेंढा पसरून मध्यें जरासा खोलगटपणा करावा; सपाट घरट्यांतून अंडीं घरंगळतात आणि फार खोल घरट्यांत एकमेकांवर आपटतात. पेंढ्यांत कडुलिंबाचा पाला किंवा तंबाखूच्या काड्या घातल्यानें किडीला आळा बसतो. जागा घराच्या आंत, काळोखी, निवांत असावी. मांजर, मुंगूस, घूस यांना तेथें पोंचतां येऊं नये. अंडीं किती ठेवावीं? विषमच असावींत असा कित्येकांचा आग्रह असतो, पण खरा नियम एवढाच कीं, प्रत्येक अंडें कोंबडीच्या पोटाखालीं पूर्ण झांकलें गेलें पाहिजे. गांवठी कोंबडीला दहा-बारा पुरेत. थंडींत दोन कमीच बरीं. अधिक ठेवलीं तर कडेचीं अंडीं आळीपाळीनें गारठतात, आणि दोन-तीनांऐवजीं सर्वच बिघडतात. सर्व अंडीं एकाच दिवशीं ठेवावीं. मागाहून भर घातली तर पहिलीं पिलें निघतांच कोंबडी उठते आणि उरलेलीं अंडीं आंतल्या जिवासकट वायां जातात.

घरट्यांत लोखंडाचा तुकडा ठेवावा, म्हणजे मेघगर्जनेनें अंडीं नासत नाहींत, असें अनेक ठिकाणीं मानतात. ही समजूत केवळ आपल्याकडची नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन शेतीलेखक कोलुमेल्ला यानेंही घरट्यांत लोखंडी खिळे व लसूण ठेवण्याची आपल्या काळची चाल नमूद केली आहे. मेघ गर्जतो त्या दिवसांत अंडीं नासतात, हें निरीक्षण खोटें नव्हे. पण त्याचा दोष उष्म्याकडे, दमट हवेकडे, ओल्या घरट्याकडे आणि दचकून उठणाऱ्या कोंबडीकडे जातो. लोखंड ठेवल्यानें नुकसान कांहीं नाहीं. पण तें ठेवून छप्पर गळत राहिलें तर उपयोगही नाहीं.

आतां एकवीस दिवसांचें व्रत सुरू होतें. कोंबडीच्या अंगाची उष्णता सुमारें ४१ अंश सेल्सिअस असते आणि अंड्याला साधारण साडेसदतीस ते अडतीस अंश मिळावी लागते. दुसरा दिवस संपतां संपतां अंड्यांतील चिमुकलें हृदय हलूं लागतें. ग्रीक तत्त्ववेत्ता अरिस्टॉटल यानें सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं निरनिराळ्या दिवशींचीं अंडीं फोडून हें पाहिलें होतें, आणि रक्ताच्या ठिपक्याप्रमाणें दिसणारें हृदय जिवंत असल्यासारखें उडतें, असें लिहून ठेविलें होतें. कोंबडी दिवसरात्र मिळून अनेक वेळां चोंचीनें अंडीं फिरविते व कडेचीं मध्यें घेते. असें फिरविलें नाहीं तर वाढणारा गर्भ आंतील पडद्याला चिकटून मरतो. उबवणी यंत्रांत जें काम यंत्रानें किंवा माणसानें करावयाचें, तें येथें कोंबडीच करते. म्हणून घरच्या माणसानें अंडीं हलवीत बसूं नये.

माणसाचें काम निराळें आहे. दिवसांतून एकदां, ठराविक वेळीं, कोंबडी उठली पाहिजे. पुष्कळ कोंबड्या आपण होऊन पंधरा-वीस मिनिटें उठतात, खातात, पाणी पितात, विष्ठा टाकतात, धुळींत लोळतात आणि परततात. परंतु कांहीं इतक्या निष्ठेनें बसतात कीं, उठतच नाहींत. त्या वाळत जातात आणि शेवटीं घरट्यांतच घाण करून अंडीं बिघडवितात. अशा कोंबडीला दोन्ही हातांनीं हलकेच उचलून बाहेर ठेवावें. पंखाखालीं एखादें अंडें अडकलें नाहीं ना, हें आधीं पाहावें. जवळच ज्वारी, मका असें अख्खें धान्य, स्वच्छ पाणी आणि राखमिश्रित कोरडी माती ठेवावी. इतक्या वेळांत अंडीं थोडीं गार झालीं तरी बिघडत नाहीं. मात्र तास दोन तास उघडीं राहूं नयेत.

सातव्या दिवशीं रात्रीं अंडीं तपासावीं. पुठ्ठ्याला अंड्याहून लहान भोंक पाडून त्यापाठीमागें विजेची बत्ती धरली आणि भोंकाशीं अंडें टेकविलें कीं आंतील सर्व दिसतें. मध्यें काळा ठिपका व त्यापासून कोळ्याच्या जाळ्याप्रमाणें निघालेल्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. अंडें सर्व बाजूंनीं स्वच्छ पारदर्शक दिसलें तर त्यांत जीव धरलेलाच नाहीं. नुसतें लाल कडें दिसलें तर गर्भ धरून मेला. निकामी अंडीं काढून टाकावीं. तीं पुढें कुजून फुटतात व चांगल्यांनाही घेऊन बुडतात. दोन-तीन कोंबड्या एकाच रात्रीं बसविल्या असतील तर या तपासणीचा मोठा लाभ होतो. चांगलीं अंडीं दोघींखालीं वांटून तिसरी मोकळी करतां येते, आणि तिची खुडूक मोडली कीं ती पुन्हा अंड्यावर येते.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावूं नये. देशावरील कोरड्या हवेंत घरट्याभोंवतींची जमीन शिंपडून थोडी ओल ठेवावी, म्हणजे आंतील पडदा सुकून चिवट होत नाहीं. या सुमारास पिलूं कवचाच्या आंतूनच चिवचिवूं लागतें आणि कोंबडी हलक्या आवाजानें त्याला उत्तर देते. जन्मापूर्वींच पिलाला आईचा आवाज ओळखूं येऊं लागतो. एकविसाव्या दिवसाच्या आसपास चोंचीवरच्या लहानशा कठीण टोंकानें पिलूं कवचाला पहिला तडा पाडतें आणि मग थांबतें. हें थांबणें कित्येक तासांचें, कधीं कधीं रात्रभराचें असतें, आणि येथेंच घरच्या माणसांचा धीर सुटतो. पिलूं अडकलें असें वाटून कोणी नखानें कवच सोलूं लागतो. पण त्या वेळांत तें फुप्फुसानें श्वास घेण्यास शिकत असतें, कवचाच्या आंतल्या पडद्यांतील रक्त अंगांत ओढून घेत असतें आणि उरलेला बलक पोटांत घेत असतें. त्यापूर्वीं कवच सोललें तर शिरा फाटतात आणि वांचविण्याच्या हातानेंच पिलूं मरतें. या घटकेला न करणें हेंच करणें आहे.

पोटांत घेतलेल्या त्या बलकावर पिलूं पहिले दोन दिवस, प्रसंगीं तीनही दिवस, अन्नावांचून राहूं शकतें. निसर्गाची ही शिदोरी उशिरां निघणाऱ्या भावंडांसाठीं आहे. आई तोंपर्यंत उठत नाहीं. एक दिवसाचीं पिलें खोक्यांतून दूर गांवीं पाठवितां येतात, तींही या शिदोरीच्याच बळावर. म्हणून पहिल्या दिवशीं दाणा टाकण्याची घाई करूं नये. बाविसाव्या दिवसापर्यंत जीं अंडीं फुटलीं नाहींत, त्यांची आशा बहुधा सोडावी.

येथवर सारें साधलें म्हणजे काम संपलें असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक खरें नुकसान येथून पुढें होतें. दहा अंड्यांपैकीं आठ फुटलीं म्हणून घरांत आनंद होतो, आणि दोन महिन्यांनीं मोजूं जातां दोन-तीनच पिलें उरलेलीं दिसतात. हें दृश्य इतकें नेहमींचें आहे कीं, लोक त्याला दैव म्हणतात. त्यांत दैवाचा भाग थोडा आणि मोकाट सोडण्याचा भाग फार. पहिल्याच आठवड्यांत कोंबडी पिलांना घेऊन शेतापर्यंत जाते. मागचें पिलूं थकून राहातें, त्याला कावळा उचलतो. उघड्यावर घार झडप घालते. कुंपणाशीं मुंगूस टपलेलें असतें. दवानें भिजलेलें गवत पिलांना गारठवितें. आई कितीही शूर असली तरी तिची दृष्टि एका वेळीं एकाच दिशेला असते.

यावर बिनखर्चाचा उपाय म्हणजे डालगें. पहिले दोन-तीन आठवडे कोंबडीला अंगणांत, सावलींत, बांबूच्या डालग्याखालीं ठेवावें आणि त्याच्या फटी एवढ्याच असाव्यात कीं, पिलें आंतबाहेर करतील पण कोंबडी बाहेर पडणार नाहीं. मग पिलें आईच्या हांकेच्या टप्प्यांतच हिंडतात. घारीची सांवली पडली कीं आई ओरडते आणि तीं आंत धांवतात. पिलांचा दाणा डालग्याबाहेर, दुसऱ्या लहान डालग्याखालीं ठेवला तर मोठ्या कोंबड्यांना तो खातां येत नाहीं. तांदुळाची बारीक कणी, भरडलेली ज्वारी किंवा बाजरी, त्यांत उकडून कुसकरलेलें अंडें अथवा शेंगदाण्याच्या पेंडीचा थोडा भुगा चालतो. शेंगदाणा, मका किंवा पेंड बुरसलेली असेल तर मुळींच देऊं नये. तो बुरसा पिलांना विषासारखा बाधतो. वाळवी व किडे हें त्यांचें उत्तम खाद्य. वाढीसाठीं जें प्रथिन लागतें तें धान्यांत कमी आणि त्यांत भरपूर असतें. पाण्याचें भांडें उथळ असावें व त्यांत चार खडे टाकावेत, नाहीं तर पिलें बुडून मरतात. बसण्याची जागा कोरडी ठेवावी; ओल्या व घाणेरड्या जागीं रक्ती हगवण पसरते.

शत्रूंपेक्षांही मोठा नाश करणारा रोग म्हणजे मानमोडी. कुमाऊंतील राणीखेत येथें भारतांत तो प्रथम ओळखला गेला, म्हणून त्याला राणीखेत रोग म्हणतात. त्यावर औषध नाहीं, पण लस आहे. पहिल्या आठवड्यांत पिलाच्या डोळ्यांत किंवा नाकांत लासोटा लशीचा थेंब टाकतात, आणि सहा ते आठ आठवड्यांचीं झाल्यावर त्यांना पुन्हा लस टोंचतात. अडचण निराळीच असते. लशीची एक कुपी पुष्कळ पक्ष्यांना पुरते, ती बर्फांत ठेवावी लागते, आणि एकदां पाण्यांत मिसळली कीं कांहीं तासांतच संपवावी लागते. आठ पिलांसाठीं ती कोण आणणार? म्हणून वाडींतील पांच-सात घरांनीं एकाच सुमारास कोंबड्या बसविल्या तर सर्वांचीं पिलें एका वयाचीं होतात, पशुवैद्यकीय दवाखान्यांतून एकच कुपी आणून सर्वांचें काम होतें, आणि शेजारच्या घरांतून रोग येण्याची भीतिही उरत नाहीं. गांवांत कोंबड्या अकस्मात् पटापट मरूं लागल्या तर त्या विकूं किंवा खाऊं नयेत. दवाखान्यास ताबडतोब कळवावें. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची जी सांथ आली, तिनें या सावधगिरीचें महत्त्व सर्वांस पटविलें.

सहा ते आठ आठवड्यांत पिलांना पिसें फुटतात आणि त्यांना आईच्या उबेची गरज राहात नाहीं. या वेळीं कोंबडीला वेगळी केली तर ती लवकर अंड्यावर येते आणि वर्षाच्या हिशेबांत जवळजवळ एक महिना वांचतो. पिलें त्यानंतरही रात्रीं बंद खुराड्यांतच असावींत. दोन कोंबड्यांचीं पिलें एकीकडे सोंपवावयाचीं असतील तर तें मात्र पहिल्या एक-दोन दिवसांतच, आणि रात्रीं, करावें. पुढें आई परकें पिलूं ओळखते व त्याला टोंचते.

हा सर्व उद्योग बहुतेक ठिकाणीं घरांतील स्त्रीच्या हातीं असतो, आणि त्यांतून येणारे चार पैसे बहुधा तिच्या स्वतःच्या हातांत पडतात. मुलाची वही, आजाऱ्याचें औषध, सणाची बांगडी, या गोष्टी त्यांतून होतात. कोंबडीनें आपलें एकवीस दिवसांचें काम बिनबोभाट केलेलें असतें. त्यानंतर आठ पिलांपैकीं दोन उरतात कीं सहा, हें घरच्या माणसांवर अवलंबून असतें. एक डालगें, एक कोरडा कोपरा, लशीचा एक थेंब आणि कवच फुटतांना थोडा धीर, एवढेंच त्यासाठीं लागतें. आणि यांपैकीं कोणतीही वस्तु गरिबाच्या आवांक्याबाहेरची नाहीं.